माटोळीचे तोरंजन आणि रात्रीची गोळी

गेल्या चतुर्थीस आम्ही लाटंबार्से गावी स्नेह्यांकडे होतो. विसर्जनानंतर माटोळी उतरली आणि तिच्यातील तोरंजन, म्हणजे पपनस, सोलून सर्वांपुढे आले. घरच्या वडीलधाऱ्यांनी मात्र हात आखडला. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. तेव्हापासून ते कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री गोळी घेतात. या गोळीवर तोरंजन चालत नाही असे कोणीसे सांगितले, म्हणून गतवर्षी त्यांनी सणाचे आठ दिवस गोळीच बंद ठेवली होती!

पथ्य खोटे नव्हे. या फळातील काही द्रव्ये, आतड्यात औषधाचे विघटन करणाऱ्या घटकालाच अडवतात. मग औषध रक्तात वाढते व स्नायूंना अपाय संभवतो. सकाळी फळ, रात्री गोळी असे अंतर ठेवूनही भागत नाही. परंतु गोळी कोणती, हे पाहावयास नको काय? सिमव्हास्टॅटिन असेल तर फळ वर्ज्य. अटॉर्व्हास्टॅटिन असेल तर भरपूर खाऊ नये. रोझुव्हास्टॅटिनला हे बंधन नाही. आम्ही पाकीट मागविले. रोझुव्हास्टॅटिनच निघाले!

खरे जपावयाचे ते निराळेच. घसा वा छाती बिघडल्यास क्लॅरिथ्रोमायसिन देतात. तेव्हा डॉक्टरांना आपली नित्याची गोळी आधी सांगावी. अकारण स्नायू दुखू लागले, लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी त्यांना गाठावे. एरवी त्यांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये.

वडिलांनी डॉक्टरांना दूरध्वनी केला. मग दोन फोडी उचलल्या, मीठ लावून.