न्यायाची भाषा

आपल्या या सुरतेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही काळ मुंबई इलाख्याची सदर अदालत भरत असे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? पुढे ती मुंबईस गेली. १८६२ मध्ये ती व तेथील जुने सुप्रीम कोर्ट एकत्र करून मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले. १९३७ मध्ये दिल्लीस संघ-न्यायालय आले, १९५० मध्ये त्याची जागा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली आणि १ मे १९६० रोजी गुजरातला स्वतःचे उच्च न्यायालय लाभले.

तालुक्यापासून दिल्लीपर्यंत न्यायाची ही शिडी उभी राहिली, याचा अभिमान वाटतो. परंतु वरच्या पायऱ्यांवर भाषा बदलते. संविधानाच्या ३४८ व्या कलमान्वये तेथील कामकाज सामान्यतः इंग्रजीत चालते. मी घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो, बाजारात गुजराती बोलतो. परंतु या तिन्ही भाषा जाणणाऱ्यासही इंग्रजीवाचून आपल्याच दाव्याचा निकाल वाचता येऊ नये, हे मनास पटत नाही.

अनेकभाषी देशाच्या शिरोभागी एक सामाईक भाषा हवी, हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता प्रादेशिक भाषांतही उपलब्ध होतात, हेही स्तुत्य. तथापि प्रत्येक पक्षकारास निकालाबरोबरच त्याच्या भाषेतील प्रत हक्काने मिळावी, असे माझे मत आहे.

रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांच्या वधाबद्दल राघोबादादांस दोषी ठरविले, तेव्हा तो निर्णय समजण्यास दुभाषा लागला नव्हता. न्याय निर्भीड असावा, तसाच तो कळणाराही असावा.