किलोमीटर म्हणजे जाळे नव्हे

२०२० साली चेन्नई–अंदमान सागरी केबल सुरू झाली, तेव्हा बातम्यांत ठळक होते ते सुमारे २,३०० किलोमीटर. जमिनीवरील जाळ्यांचेही आपण असेच मोजमाप करतो. ते अपुरे आहे. प्रकाशतंतूत १०० किलोमीटरनंतर प्रकाशाचा जेमतेम शंभरावा अंश उरतो. प्रवर्धक तो वाढवतो, पण सोबत गोंगाटही वाढवतो. संकेत नव्याने घडवतो तो रीजनरेटरच. तो प्रत्येक ठाण्यावर बसवणे परवडत नाही आणि कमीत कमी जागा अचूक निवडण्याची, प्रत्येक जाळ्याला लागू पडणारी जलद रीत गणिताला अद्याप गवसलेली नाही. म्हणून हा प्रश्न दुर्लक्षावा काय? जवळचा मार्ग तुटला आणि लांबच्या वळशावर रीजनरेटर नसला, तर तंतू शाबूत असूनही संदेश पोहोचणार नाही. विद्यार्थीमित्रहो, पुढील घोषणेत लांबी वाचून थांबू नका; रीजनरेटर कुठे आहेत, ते विचारा.