सिगारेट सोडताना मोबाइलची मदत: मेसेज किती उपयोगी, माणूस किती गरजेचा?

घरात कुणाच्या खिशात सिगारेटचं पाकीट किंवा बिडीचं बंडल सापडलं, तर रागावण्याआधी एकदा ते नीट पाहा. त्यावर भीतीदायक चित्र असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या इशाऱ्यातच १८००-११-२३५६ असा एक फोन नंबरही छापलेला असतो. ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन आहे. फोन मोफत आहे आणि सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

दवाखान्यात मी धूम्रपान करणाऱ्या पेशंटला हा नंबर माहीत आहे का, असं विचारतो. बहुतेक जण नाही म्हणतात. यात त्यांचा दोष कमी आहे. पाकीट विकत घेणारे मुळात थोडे. टपरीवर जायचं, एक सुटी सिगारेट घ्यायची, तिथेच लटकवलेल्या लायटरनं पेटवायची आणि चहाबरोबर संपवायची, ही आपल्याकडची रीत. पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं, त्याच्याबरोबर नंबरही. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. बंदी किती पाळली जाते, ते तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर उभं राहिलं की कळतं.

म्हणजे सोय आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात ती पोचत नाही.

सोडायची इच्छा नसते असं नाही. २०१६-१७ मध्ये देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या वर्षभरात एकदा तरी प्रयत्न केला होता. आणि त्यातले बहुतेक प्रयत्न कुणाचीही मदत न घेता, एकट्यानं, मनाच्या हिय्यावर केलेले होते. असे प्रयत्न बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच कोलमडतात. मग घरचे म्हणतात, "याला इच्छाशक्तीच नाही." पेशंटलाही तेच पटतं, आणि पुढचा प्रयत्न आणखी काही वर्षं लांबतो.

मेसेजनं खरंच फरक पडतो का?

२०१६ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनं एम-सेसेशन नावाचा कार्यक्रम सुरू केला. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, नोंदणी करायची, आणि मग तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज येऊ लागतात. आतापर्यंत २० लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये प्रौढांना तंबाखू सोडवण्यासाठीची आपली पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली. तिच्यात औषधं आणि समुपदेशनाबरोबर मोबाइल मेसेजची शिफारसही आहे.

"मेसेज वाचून कोण सिगारेट सोडतं?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर ब्रिटनमधून आलं. तिथे सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ५,८०० लोकांचे दोन गट केले. एका गटाला सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज, दुसऱ्याला भलत्याच विषयावरचे साधे मेसेज. सहा महिन्यांनी "सोडली" म्हणणाऱ्यांच्या शब्दावर विसंबून न राहता त्यांची लाळ तपासली. निकाल २०११ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला: मेसेजच्या गटात १०.७ टक्के लोक खरोखर सुटले होते, दुसऱ्या गटात ४.९ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. प्रमाण दुपटीहून जास्त झालं, तेही जवळपास फुकटात. एवढा फायदा देणारी गोळी असती तर आम्ही डॉक्टरांनी ती आनंदानं लिहून दिली असती. पण मेसेज घेणाऱ्या शंभरातले साधारण नव्वद जण सहा महिन्यांनी ओढतच होते. म्हणून कुणी तुम्हाला "हे ॲप घ्या, महिन्यात सिगारेट सुटेल" असं सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि मेसेज चालू असूनही तुमच्या वडिलांची बिडी सुटली नाही, तर ते वाया गेलेले आहेत असंही समजू नका. ते त्या नव्वद जणांतले आहेत आणि त्यांना आणखी मदतीची गरज आहे.

त्या मेसेजमध्ये होतं काय? "धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे" हे वाक्य नव्हे. ते तर पडद्यावरच्या प्रत्येक सिनेमात येतं आणि कुणी वाचत नाही. तिथे आधी सोडण्याची तारीख ठरवून घेतली जायची. पहिले पाच आठवडे दिवसाला पाच मेसेज, पुढचे सहा महिने आठवड्याला तीन. मजकूर त्या माणसाच्या सवयीप्रमाणे बदलायचा. वजन वाढण्याची भीती असणाऱ्याला वेगळा, मित्रांबरोबर ओढणाऱ्याला वेगळा. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सोय: तलफ आली की एक शब्द पाठवायचा, लगेच उत्तर यायचं. एखादी सिगारेट ओढली गेली तर दुसरा शब्द पाठवायचा, त्यावर धीर देणारा मेसेज यायचा.

तलफ फार काळ टिकत नाही. काही मिनिटांत ती चढते आणि उतरते, सिगारेट ओढली नाही तरीही. त्या काही मिनिटांत माणूस एकटा असतो: जेवणानंतर गच्चीवर, नाइट शिफ्टमध्ये, एसटी स्टँडवर. तिथे ना डॉक्टर असतो ना बायको. फोन मात्र खिशात असतो. मेसेजचं बळ बहुतांशी एवढंच आहे, की तो योग्य वेळी जवळ असतो. त्या वेळी करायचं कामही साधं आहे: पाच मिनिटं थांबायचं, घोट घोट पाणी प्यायचं, दहा दीर्घ श्वास घ्यायचे, जागा बदलायची. बडीशेप, लवंग, सोललेला आवळा तोंडात टाकला तरी चालतं. सुपारी मात्र नको. तिनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

मेसेज कमी पडतो तिथे

आपल्याकडे काही अडचणी आहेतच. फोन घरात एकच असतो. एसएमएसचा डबा कर्जाच्या आणि रिचार्जच्या जाहिरातींनी भरलेला असतो. एम-सेसेशनची सुरुवात हिंदी आणि इंग्रजीतून झाली. साठीतल्या, मराठीच वाचणाऱ्या माणसाला ते परकं वाटू शकतं. पण खरी मर्यादा वेगळी आहे. मेसेजला तुमची गोष्ट ऐकता येत नाही.

सिगारेट निकोटिनसाठी ओढली जाते, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं सवयीत असतं. चहा आला की हात खिशाकडे जातो. साहेब ओरडला की पाय टपरीकडे वळतात. "ताण कमी होतो म्हणून ओढतो," असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. होतं असं, की शेवटच्या सिगारेटला काही तास झाले की शरीर निकोटिन मागू लागतं, त्यानं अस्वस्थता येते, चिडचिड होते. पुढची सिगारेट ओढली की ती अस्वस्थता जाते आणि ताण गेल्यासारखं वाटतं. म्हणजे सिगारेटनंच उभा केलेला ताण सिगारेट घालवते. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे पार पडले, की बहुतेकांची बेचैनी आधीपेक्षा कमी झालेली असते.

हे कळणं आणि अंगवळणी पडणं यात मोठं अंतर आहे, आणि ते पार करायला समुपदेशक लागतो. तो भाषण देत नाही. दिवसातली कुठली सिगारेट सोडणं सगळ्यात अवघड आहे, मागच्या वेळी कशामुळे परत सुरू झाली, सोडून तुम्हाला स्वतःला काय हवं आहे, असे प्रश्न विचारतो. उत्तरं तुमच्याच तोंडून येतात आणि त्यावरून बेत ठरतो. क्विटलाइनवर हेच होतं. ती दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निमहान्स आणि गुवाहाटीचं बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट इथेही तिची केंद्रं झाली, त्यामुळे मराठीतून बोलता येतं. एकदा नोंद झाली की पुढे समुपदेशक स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. हा उलटा येणारा फोनच मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण घसरलेला माणूस आपणहून फोन करत नाही.

वेळ सकाळी ८ ते रात्री ८, मंगळवार ते रविवार. सोमवारी सुट्टी. आणि आपण सगळे "येत्या सोमवारपासून सोडतो" म्हणतो! तुमची तारीख मंगळवारची किंवा बुधवारची ठेवा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात, तेव्हा फोन उचलणारं कुणी असलेलं बरं.

पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल, तर निकोटिनचं व्यसन पक्कं आहे असं समजा. अशा माणसाला केवळ मेसेज आणि गप्पा पुरणार नाहीत. निकोटिनचं च्युइंग गम किंवा पॅच, अथवा व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑनसारख्या गोळ्या यांची जोड द्यावी लागते. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. गमही साध्या च्युइंग गमसारखं चघळत राहायचं नसतं. थोडं चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचं, ओसरल्या की पुन्हा चावायचं. "गमनं मळमळतं" म्हणणारे बरेच जण ते भराभर चघळत असतात. ई-सिगारेटचा मार्ग सुचवू नका. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे.

एक गोष्ट घरचे आणि पेशंट दोघंही विसरतात. दम्यासाठी थिओफायलिन गटातली गोळी चालू असेल, तर सिगारेट सोडल्यावर तीच गोळी अंगात जास्त साठू लागते. मळमळ, धडधड, झोप उडणं अशा तक्रारी येतात आणि माणूस म्हणतो, "सिगारेट सोडल्यापासून त्रास सुरू झाला." हा सिगारेट सोडल्याचा तोटा नव्हे, डोस कमी करायची वेळ आलेली असते. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांचंही असंच होतं. मधुमेह असेल तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. म्हणून तारीख ठरली की आपल्या डॉक्टरांना कळवा. मन फार खचलं, जगावंसं वाटेना, तर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर कुठल्याही वेळी बोलता येतं.

घरच्यांनी काय करायचं

महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा चघळणं किती तरी जास्त आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, आणि तंबाखू, गुटखा, मिश्री वगैरे वापरणारे २४.४ टक्के. त्यामुळे "सिगारेट सोडली" असं सांगणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी आली नाही ना, एवढं प्रेमानं बघा. ती सुटका नव्हे. क्विटलाइन चघळण्याच्या तंबाखूसाठीही आहे, आणि घरातल्या मिश्री लावणाऱ्या आजीसाठीही.

पहिले दोन ते चार आठवडे घरातलं माणूस चिडेल, भांडेल, झोपणार नाही, खात सुटेल. हा त्याचा स्वभाव बदललेला नसतो, निकोटिन उतरत असतं. या दिवसांत जुने हिशेब काढू नका. वास घेऊन तपासणी करू नका. "किती दिवस टिकतं बघू" हे वाक्य तर मुळीच नको. मी पेशंटच्या तोंडून ते अनेकदा ऐकलं आहे, आणि ते त्यांना वर्षानुवर्षं आठवतं. जेवण झालं की दोघं मिळून खाली एक फेरी मारून या. चहाची जागा बदला. ॲशट्रे, लायटर घरातून काढून टाका. दिवाणखान्यात ओढणारे पाहुणे असतील, तर त्यांना तुम्हीच बाहेर जायला सांगा, सोडणाऱ्याला सांगायला लावू नका.

आणि एखाद्या लग्नात, मित्राच्या आग्रहाखातर, त्यानं एक ओढली तर? एक सिगारेट म्हणजे घसरणं. पुन्हा रोजचं पाकीट म्हणजे परत सुरू होणं. या दोहोंत काही दिवसांचं अंतर असतं, आणि त्या दिवसांत घरी काय बोललं जातं यावर बरंच ठरतं. "कधी ओढलीस, कोण होतं बरोबर?" हे चौकशीच्या सुरात नको, पुढच्या वेळी त्या जागी काय करायचं हे ठरवण्यासाठी विचारा. उरलेली सिगारेट असेल तर पाण्यात टाका. मग त्याच दिवशी १८००-११-२३५६ ला परत फोन लावायला त्याच्या शेजारी बसा.