कारीट फोडल्याने नरकासुर मरत नाही

दिवाळीच्या अंकात फाशी, तुरुंग आणि कोर्टकचेरी यांचा विषय काढणे कित्येकांना अभद्र वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना असले काही बोलू नये, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतील. परंतु ज्या सणाची एक पहाट मुळी असुराच्या वधाने उजाडते, त्या सणाला गुन्हा आणि शासन यांचा विचार परका नाही. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले, की आपण तुळशीपाशी जातो, पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि नरकासुर मारल्याच्या समाधानाने फराळाला बसतो. घरात हे ठीक आहे. ती एक खूण आहे आणि खूण म्हणूनच आपण ती पाळतो. पण हाच प्रकार राज्यांच्या विधिमंडळांत सुरू झाला आणि कारीट फोडणारे खरोखरीच असुर मारल्याच्या थाटात बाहेर येऊ लागले, तर कोणीतरी बोलले पाहिजे. मी तीस वर्षे न्यायालयाच्या चाकरीत काढली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

गेल्या काही वर्षांत अशी तीन कारिटे फुटली. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. हैदराबाद तेलंगणात, पण शेजारच्या आंध्र प्रदेशाने डिसेंबरातच 'दिशा' विधेयक संमत केले. तपास सात दिवसांत, खटला चौदा दिवसांत, एकूण एकवीस दिवसांत न्याय! त्याचा कित्ता गिरवीत आपल्या महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये 'शक्ती' विधेयक मांडले. त्यात फाशीची तरतूद होती आणि तपासाला पंधरा दिवसांची मुदत होती. संयुक्त समितीने ती मुदत तीस दिवसांवर नेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. कोलकात्याच्या रुग्णालयातील भीषण घटनेनंतर पश्चिम बंगालने ३ सप्टेंबर २०२४ रोजी 'अपराजिता' विधेयक संमत केले. त्यातही फाशी, त्यातही एकवीस दिवसांत तपास. दिशा, शक्ती, अपराजिता! नावे ठेवण्याच्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकणार नाही.

पुढे काय झाले? राष्ट्रपतींची संमती मिळून अंमलात आले, असे या तिघांतील एकही विधेयक नाही. फौजदारी कायदा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असे काही राज्याला करायचे असेल, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची. बंगालचे विधेयक केंद्राच्या आक्षेपांसह जुलै २०२५ मध्ये राज्याकडे परत आले. त्यातला एक आक्षेप काही गुन्ह्यांना फाशीच सक्तीची करण्याला होता. सक्तीची फाशी घटनेला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितले होते. आपल्या 'शक्ती'ची गत तर त्याहून विनोदी झाली. ज्या भारतीय दंड संहितेत ती दुरुस्ती करणार होती, ती संहिताच १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ठिगळ शिवून तयार, पण अंगरखाच बोहारणीकडे गेलेला!

यात केंद्राचा दोष किती आणि राज्यांचा किती, हा राजकारण्यांचा वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा. माझे म्हणणे निराळे आहे. ज्या गोष्टीला दिल्लीची संमती लागते, नेमकी तीच गोष्ट राज्ये हौसेने करतात, आणि ज्या गोष्टींना कोणाचीही संमती लागत नाही, त्या तशाच पडून राहतात. पोलीस ठाण्यात पुरेसे तपासी अंमलदार नेमायला राष्ट्रपतींची सही लागत नाही. सरकारी वकिलांच्या जागा भरायला लागत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा वाढवायला लागत नाही. साक्षीला आलेल्या सात वर्षांच्या मुलीला आरोपीच्या नजरेआड बसता येईल अशी एक खोली बांधायला तर मुळीच लागत नाही. पण या सगळ्याला पैसे लागतात. फाशीच्या कलमाला कागद लागतो.

खटला मरतो कुठे, हे मी जवळून पाहिले आहे. शिक्षेचे कलम हे प्रकरणाचे शेवटचे पान. बहुतेक खटले त्या पानापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या रोजनाम्यातल्या नोंदी कोणी वाचल्या तर त्याला हा रोग कळेल. साक्षीदार गैरहजर. समन्स बजावणी होऊन आले नाही. तपासी अंमलदार बंदोबस्तावर. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अप्राप्त. आरोपीस तुरुंगातून आणले नाही. बचावाचे वकील मुदत मागतात. पुढील तारीख. अशा दहा-बारा तारखा झाल्या, की फिर्यादी बाईचा भाऊ रजा मिळत नाही म्हणून येईनासा होतो, पंच गाव सोडून जातो, शेजारीण फितूर होते आणि शेवटी ती बाईच म्हणते, 'साहेब, मिटवा एकदाचे.' जलदगती न्यायालयांचा गाजावाजा झाला तेव्हा आम्हांला वाटले, आता नवे न्यायाधीश येतील. आली ती नवी पाटी. दालन तेच, न्यायाधीश तेच, बोर्डावरची प्रकरणे मात्र वाढलेली.

मुदतींचे म्हणाल, तर त्या कायद्यात आधीपासूनच आहेत. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेला पॉक्सो कायदा सांगतो, की दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा. बलात्काराचा तपास दोन महिन्यांत आणि दोषारोपपत्रानंतर खटलाही दोन महिन्यांत पुरा करावा, असे २०१८ पासून लिहिलेले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तेच लिहिले. घड्याळ भिंतीवर लावलेलेच आहे. त्याला किल्ली कोणी देत नाही. अशा घरात दुसरे, अधिक पुढे जाणारे घड्याळ आणून लावणाऱ्याला आपण काय म्हणू?

विधी आयोगाने १९८७ साली सांगितले, की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत. आज, जवळजवळ चाळीस वर्षांनी, आपण एकवीस-बावीसच्या घरात आहोत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे, बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांतल्या शंभरांपैकी सत्तावीस-अठ्ठावीसांतच आरोपी दोषी ठरले. गुन्हेगार हे आकडे वाचत नसेल, पण गावात त्याला ते ठाऊक असतात. शंभरांतले सत्तरांहून अधिक सुटतात हे ज्याला माहीत आहे, तो उरलेल्यांना फाशी आहे की जन्मठेप आहे याची कशाला पर्वा करील?

कोणी म्हणेल, 'पण धाक नको का?' हवा; माझाही तोच आग्रह आहे. परंतु धाक शिक्षेच्या आकाराचा बसत नाही, ती चुकणार नाही या खात्रीचा बसतो. एस.टी.त तिकीट तपासनीस खरोखर चढतो असे कळले की फुकटे उतरतात. दंडाची रक्कम पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ते होत नाही. आणि आणखी एक गोष्ट घराघरातल्या वाचकांनी मन घट्ट करून ऐकावी. या गुन्ह्यांत शंभरांतल्या नव्वदांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, कधी घरातलाच कर्ता पुरुष. 'तू बोललीस तर काकाला फाशी होईल' हे वाक्य एखाद्या मुलीच्या कानांत घालणे किती सोपे आहे, याचा विचार करा. जिथे जिवंत साक्षीदार हाच फासाचा दोर ठरतो, तिथे त्या साक्षीदाराच्या जिवाचा विचारही करावा लागतो. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. साऱ्या देशाचा क्षोभ शिगेला पोचलेला असतानाही बलात्कारासाठी फाशीची शिफारस त्या समितीने केली नाही. असे करायला धैर्य लागते.

फाशी देऊन तरी काय होते, हे पुण्याच्या प्रकरणात दिसले. २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या एका नोकरदार मुलीचा तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून खून केला. दोघांना फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ साली कायम केली. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१७ साली फेटाळला. फाशीची तारीख पडली २४ जून २०१९ ची! मधला काळ कागद या मेजावरून त्या मेजावर फिरण्यात गेला. या दिरंगाईमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. कलम कडक होते, निकाल कडक होता. कागद हलला नाही. त्या मुलीच्या आईबापांना न्यायासाठी लागले होते ते कठोर कलम नव्हे, वेळेवर जाणारा टपाली.

तसेच बदलापूरचे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरून फाशीची मागणी करू लागले. त्यांचा संताप मला समजतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ताशेरे ओढले ते कशावर? तक्रार नोंदवून घेण्यातल्या दिरंगाईवर. तक्रार तत्काळ लिहून घ्यावी, हे सांगायला कोणत्या नव्या विधेयकाची गरज होती?

आणि 'शक्ती' म्हणून मिरविणाऱ्या त्याच विधेयकात एक काटा होता. खोटी तक्रार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद! आधीच शंभरांतले सत्तरांहून अधिक आरोपी सुटणार; मग सुटलेला प्रत्येक जण छाती काढून विचारणार, 'म्हणजे तक्रार खोटी होती ना?' पुरावा अपुरा पडणे आणि तक्रार खोटी असणे यांतला फरक न्यायाधीशाला कळतो. पण गावच्या पारावर तो कोण समजावून सांगणार? जिच्या हाती बळ द्यायचे, तिच्याच गळ्यात हा लोढणा.

अशा वेळी सभांतून शिवछत्रपतींचे नाव निघते. महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, तसेच केले पाहिजे, अशी गर्जना होते. १६४६ चे ते पत्र प्रसिद्ध आहे. गर्जना करणारे त्यातले हातपाय तेवढे वाचतात. शासन झाले तो गावचा पाटील होता, वतनदार होता. त्याला समक्ष आणून आधी शहानिशा केली, आरोप खरा ठरला, मगच शासन झाले, आणि त्याची पाटीलकीही गेली. आजच्या पाटलांची शहानिशा कोण करतो? रामशास्त्र्यांचेही तसेच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. ते प्रायश्चित्त काही राघोबादादांनी घेतले नाही. तरीही आपण रामशास्त्र्यांना मानतो, कारण त्यांची थोरवी शिक्षेच्या कडकपणात नव्हती. ज्याच्या हाती सत्ता त्यालाही कायदा लागू आहे, असे म्हणण्यात होती.

नरकासुराच्या कथेचा उत्तरार्धही आपण विसरतो. त्याच्या बंदिवासातून सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या, पण त्यांना पुढे कोण पदरात घेणार हा प्रश्न उरलाच. श्रीकृष्णाने त्यांना मान दिला, घर दिले. आमची विधेयके असुरापाशीच थांबतात. त्या मुलीच्या औषधोपचाराचे काय, शाळेचे काय, तारखेला येण्याच्या गाडीभाड्याचे काय? महाराष्ट्राने २०१३ साली पीडितांच्या साहाय्यासाठी 'मनोधैर्य' योजना काढली. तिला राष्ट्रपतींची संमती लागली नव्हती. करायचे ठरवले तर करता येते, याचा तो पुरावा आहे.

म्हणून वाचकहो, यंदा दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आमदारसाहेब आले, तर त्यांना लाडू-चिवडा अवश्य द्या आणि चारच प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात न्यायाधीशांच्या आणि सरकारी वकिलांच्या किती जागा रिकाम्या आहेत? प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती महिने लागतात? साक्षीला येणाऱ्या मुलांसाठी वेगळी खोली आहे का? आणि तक्रार न लिहून घेणाऱ्या किती अंमलदारांवर गेल्या वर्षी कारवाई झाली? साहेब नव्या विधेयकाची गोष्ट काढतील. त्यांना नम्रपणे सांगावे, की जुन्याचाच हिशोब आधी द्या. उत्तर मिळाले नाही, तर आमच्या रोजनाम्यात लिहीत असू तसे लिहून ठेवा: उत्तर अप्राप्त, पुढील तारीख. आणि त्या तारखेला, मतदानाच्या दिवशी, आपण मात्र गैरहजर राहू नका.