खडू कुणाच्या हातात?

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मुलाचं पत्र आहे. 'माझं नाव छापू नका हं,' असं त्यानं बजावलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो, 'मावशी, बाई वर्गाबाहेर गेल्या की आमचा मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. ते ठीक आहे. पण हल्ली ज्यानं डब्यातला लाडू दिला नाही, त्याचंही नाव फळ्यावर येतं. ज्यानं त्याची पाण्याची बाटली भरून आणली नाही, त्याचंही येतं. मी विचारलं तर म्हणाला, मी मॉनिटर आहे, माझं ऐकायचं असतं. हे बरोबर आहे का?'

पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग वाटलं, या पठ्ठ्यानं केवढा मोठा प्रश्न विचारलाय! मोठमोठे राजे, मंत्री आणि न्यायाधीश या प्रश्नाशी शेकडो वर्षं झगडत आलेत.

आता असं पाहा. बाईंनी मॉनिटरच्या हातात खडू दिला तो एका कामासाठी. वर्गात गोंधळ होऊ नये, एवढंच ते काम. त्या कामापुरता त्याचा अधिकार. लाडू मागणं, बाटली भरून आणवणं हे त्या कामात बसतच नाही. मग त्याला काय विचारायचं? फक्त एक प्रश्न : 'बाईंनी तुला हे करायला सांगितलंय का?'

देशाचंही असंच असतं. सरकारच्या हातात मोठा खडू असतो. पोलीस, तुरुंग, दंड, शाळेतून काढण्याचा हुकूम, सगळं त्या खडूत आलं. तो खडू सरकारनं स्वतः आणलेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनी राज्यघटनेच्या मार्फत तो सरकारला वापरायला दिलाय, आणि कशासाठी व किती वापरायचा तेही घटनेत लिहून ठेवलंय. म्हणून सरकारलाही तोच प्रश्न विचारता येतो : 'हे करायला तुम्हाला कुठल्या कायद्यानं सांगितलंय?'

हा प्रश्न तीन शाळकरी मुलांनी खरोखर विचारला होता. ती गोष्ट आज सांगते.

केरळात कोट्टायम जिल्ह्यात तीन भावंडं एकाच शाळेत शिकत होती. भाऊ दहावीत, एक बहीण नववीत आणि धाकटी पाचवीत. त्यांचं घर 'यहोवाचे साक्षीदार' या लहानशा ख्रिस्ती पंथाचं. आपल्या देवाच्या प्रार्थनेखेरीज दुसऱ्या कुठल्याही विधीत भाग घ्यायचा नाही, अशी या पंथाची श्रद्धा आहे. सकाळी शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ही तिघं सगळ्यांसारखी उठून ताठ उभी राहायची. गडबड नाही, कुजबुज नाही. पण ती गात नसत. अशी वर्षानुवर्षं गेली. त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत शिकून गेल्या. कुणाचं काही अडलं नाही.

मग जुलै १९८५ मध्ये ही गोष्ट एका आमदारांच्या लक्षात आली. त्यांना ते देशाभिमानाला धरून वाटलं नाही. विधानसभेत प्रश्न आला. चौकशी नेमली गेली. चौकशीचा निष्कर्ष काय निघाला असेल? मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही! तरीसुद्धा शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं सांगितलं आणि २६ जुलै १९८५ ला तिघांची नावं शाळेतून काढली गेली. सरकारकडून हुकूम येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, असं वडिलांनी मुख्याध्यापिकांना विनवलं. त्या म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही.

खरं सांगू? पेपरात ही बातमी वाचली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला रागच आला होता. राष्ट्रगीत ऐकलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. मी तावातावानं म्हटलं, 'काढलं ते बरं झालं! गायला काय होतं त्यांना?'

आमचे अण्णा चहा पीत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, 'त्या पोरांनी दुसऱ्या कुणाला गाऊ दिलं नाही का?'

'नाही.'

'मधेच बसली? टिंगल केली?'

'नाही हो अण्णा.'

'मग कुठल्या कायद्यानं काढलं त्यांना?'

मला उत्तर देता आलं नाही. गंमत अशी, की पुढे सरकारलाही देता आलं नाही!

पण त्याला वेळ लागला. मुलांच्या वडिलांनी केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. तिथं ते दोनदा हरले. तिथल्या न्यायमूर्तींनी राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि म्हटलं, यात कुणाच्याही धर्माला दुखावणारं काही नाही. मग प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या अगदी चार दिवस आधी, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांनी निकाल दिला. मुलांना पुन्हा शाळेत घ्या, आणि त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नका!

हा निकाल कसा लागला ते नीट समजून घ्या. न्यायालयानं तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली : राष्ट्रगीत गायलंच पाहिजे असा कायदा आहे का? नाही. १९७१ चा एक कायदा आहे. जो कुणी मुद्दाम दुसऱ्याला राष्ट्रगीत गाऊ देणार नाही किंवा गाणाऱ्यांच्या सभेत गोंधळ घालेल, त्याला त्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या मुलांनी तसलं काहीच केलं नव्हतं. उठून आदरानं उभं राहिलं की राष्ट्रगीताचा मान राखला गेला, असं न्यायालय म्हणालं.

दुसरी : मग सरकार कशावर बोट ठेवत होतं? शिक्षण खात्याच्या जुन्या परिपत्रकांवर. परिपत्रक म्हणजे साहेबांनी कचेरीतून काढलेला सूचनांचा कागद. घटनेच्या १९ व्या कलमानं आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय, आणि त्यातच गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं. त्यावर बंधन घालायचं असेल तर ते कायद्यानंच घालावं लागतं. तेही घटनेत मोजून दिलेल्या कारणांसाठीच, जसं की देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था. कायदा म्हणजे आपण निवडून दिलेल्या लोकांनी सभागृहात, सगळ्यांसमोर चर्चा करून केलेला नियम. नुसतं परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्याला त्या मुलांची श्रद्धा पटते की नाही, हा प्रश्नच नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ती श्रद्धा त्यांच्या मनात खरोखर, प्रामाणिकपणे आहे का, एवढंच पाहायचं. घटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला आपल्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याची मोकळीक देतं. आता सांगा पाहू, सगळ्यांना पटणाऱ्या मताला संरक्षण लागतं का? जो गर्दीबरोबर चालतो त्याला कोण अडवणार? संरक्षण लागतं ते एकट्याला.

माझा राग कुठं चुकला होता, ते मला तेव्हा कळलं. मला राष्ट्रगीत प्रिय आहे म्हणून मी गाते. ते माझं गाणं आहे. पण शिक्षेच्या भीतीनं कुणाच्या तोंडून काढलेल्या शब्दांत देशप्रेम किती असेल? भीती तेवढी असेल.

म्हणजे न्यायालयं नेहमी बरोबरच असतात का? तसं नाही हं! अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी शाळेत झेंड्याला सलामी दिली नाही, तेव्हा १९४० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेची बाजू घेतली. तीनच वर्षांनी, १९४३ साली, ऐन महायुद्धाच्या धामधुमीत त्याच न्यायालयानं आपली चूक दुरुस्त केली. सलामीची सक्ती करता येणार नाही, असा निकाल दिला.

आपल्याकडे तर याहून मोठी चूक झाली होती. १९७५ ते १९७७ या काळात देशात आणीबाणी होती. हजारो माणसांना खटला न चालवता तुरुंगात ठेवलं होतं. वृत्तपत्रांवर बंधनं होती. 'आम्हाला कुठल्या कायद्यानं धरलंय?' एवढं तरी न्यायालयात विचारता येईल की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं, एखाद्या पोलिसानं स्वतःच्या वैरापोटी कुणाचा जीव घेतला, तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत नाही. तरीही एप्रिल १९७६ मध्ये पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. ज्येष्ठता असूनही नंतर त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि १९७७ मध्ये खन्नांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरलं, की आणीबाणीतही जगण्याचा हक्क गुंडाळून ठेवता येणार नाही. आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं १९७६ चा तो निकालच चुकीचा ठरवला. अमेरिकेत चूक सुधारायला तीन वर्षं लागली, आपल्याला एक्केचाळीस! पण सुधारली ती कशामुळे? कुणीतरी एकट्यानं तो प्रश्न लिहून ठेवला होता म्हणून.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, 'मावशी, म्हणजे सरकार नकोच का? मग मी उद्यापासून गृहपाठ करणार नाही. ते माझं स्वातंत्र्य!' थांबा, थांबा! मॉनिटर नसेल तर वर्गाचा मासळीबाजार होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रस्त्यावरचा सिग्नल हवा, चोराला पकडणारा पोलीस हवा, पिण्याच्या पाण्यात घाण सोडणाऱ्याला दंड हवा. माझ्या वागण्यानं शेजाऱ्याचं नुकसान होऊ लागलं की मला अडवणारं कुणीतरी हवंच. रात्री दोन वाजता लाउडस्पीकर लावणं हे काही माझं स्वातंत्र्य नव्हे, कारण तुमची झोप त्यात गेली! सरकार हवं, चांगलं मजबूत हवं. पण किल्ली आपल्याकडे असलेल्या कुलपासारखं हवं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमकं ठाऊक होतं. हक्क नुसते कागदावर लिहून भागत नाही. ते डावलले गेले तर धाव घ्यायला जागा लागते. आजच्या घटनेतल्या ३२ व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. कोट्टायमच्या त्या तीन मुलांना शेवटी सर्वोच्च न्यायालयाचंच दार उघडलं.

तर, सातवीतल्या माझ्या दोस्ता, तुझा मॉनिटर चुकतोय. त्याच्याशी मारामारी करू नकोस, त्याला चिडवूही नकोस. बाईंना सांग, की मॉनिटरनं काय करायचं आणि काय नाही, ते एका कागदावर लिहून वर्गात लावूया. आणि फळ्यावर विनाकारण नाव आलं, तर कुणाला सांगायचं तेही त्यात लिहा. पुढच्या महिन्यात तू मॉनिटर झालास तर? तोच कागद तुलाही लागू, बरं का! तेव्हा खरी परीक्षा. खडू दुसऱ्याच्या हातात असताना नियमांची आठवण सगळ्यांनाच येते.

आईबाबांसाठी दोन शब्द. 'मी सांगते म्हणून!' हे वाक्य आपण घरात दिवसातून किती वेळा वापरतो, ते एक आठवडा मोजून पाहा. मी मोजलं होतं. आकडा सांगणार नाही! मुलांनी 'का?' विचारलं तर दर वेळी त्यांचंच ऐकायला हवं असं नाही, पण कारण सांगायला हवं. घरात कारण विचारायची सवय नसलेलं मूल उद्या कचेरीच्या खिडकीपाशी कसं विचारणार?

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. शाळेतला, घरातला किंवा सोसायटीतला कुठलाही एक नियम घ्या आणि शोधून काढा : तो कुणी केला, कशासाठी केला, आणि पटला नाही तर दाद कुणाकडे मागायची? मला लिहून कळवा. नाव छापायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. तेही तुमचं स्वातंत्र्य!

तुमची,
मावशी