तितराची शिटी आणि शेताचा बांध

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडीं शेजारच्या गांवांतील एक होतकरू तरुण शेतकरी आम्हांस भेटावयास आला व त्यानें खिशांतून एक लहानशी शिटी काढून दाखविली. औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी, तिचा तळ कापलेला, तोंडाचा निम्मा भाग मोकळा ठेवून उरलेल्या भागावर फुटक्या फुग्याचा रबर ताणून दोऱ्यानें आवळलेला. खर्च म्हणाल तर एका पैचाहि नाहीं. ओठांशीं धरून त्यानें ती वाजवितांच समोरच्या बांधावरील बोराटींतून एका तितरानें मोठ्यानें साद दिली, आणि थोड्याच वेळांत तो पक्षी मान ताठ करून उघड्यावर आला. मुलाच्या कसबाचें आम्हांस कौतुक वाटलें. परंतु "या शिटीवर महिन्याभरांत सात पाखरें धरलीं," असें जेव्हां त्यानें अभिमानानें सांगितलें, तेव्हां त्या कौतुकास काळजीची जोड मिळाली. हा छंद आतां बऱ्याच गांवीं दिसूं लागला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

टाकाऊ जिन्नसांची शिटी करण्याची विद्या आमच्याकडे नवी नाहीं. आंब्याच्या कोयीची व पिंपळाच्या पानाची पिपाणी ज्यानें लहानपणीं वाजविली नाहीं असा शेतकरी विरळाच. पक्षी बोलाविण्याच्या शिट्या अनेक प्रकारच्या असल्या तरी त्यांच्या मुळाशीं तत्त्वें तीनच आहेत. पहिलें, श्वासानें पातळ पडदा किंवा जीभ थरथरविणें. फुग्याचा रबर अथवा जुन्या फिल्मची पट्टी या कामीं येते. दुसरें, भोंकांतून हवा फुंकणें. डब्याचें पत्र्याचें झांकण मधोमध दुमडून दोन्ही पदरांस समोरासमोर भोंक पाडलें कीं अशी शिटी तयार होते. तिसरें, लांकडावर लांकूड घासणें. अमेरिकेंत रानटी टर्की पक्ष्यास बोलाविण्याकरितां पातळ फळ्यांची पेटी करून तिच्या कडेवर खडू लावलेलें झांकण घासतात, व अशा पेटीचें एक पेटंट आर्कन्सा संस्थानांतील हेन्री गिब्सन यानें इ. स. १८९७ मध्यें घेतलें होतें. तेथील शिकारी टर्कीच्याच पंखाचीं हाडें एकांत एक बसवून नळी करतात, आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीवर रबर ताणून शिटी करण्याचीहि तिकडे जुनी चाल आहे. आमच्या तरुण मित्राची डबी त्याच कुळांतील होय.

परंतु आवाज साधणें ही निम्मी गोष्ट झाली. पक्षी त्या आवाजाकडे कां येतो, हें ज्यास कळलें त्यासच या शिटीचें खरें स्वरूप कळलें. तितराचा नर आपला बांध, आपली जाळी व आपली जोडीदारीण यांची राखण करीत असतो. पहांटे व सायंकाळीं तो जी साद घालतो ती "ही जागा माझी आहे" अशी दवंडी असते. तिला त्याच्या हद्दींतच दुसऱ्या नराचें उत्तर आलें, कीं परका घरांत शिरला असें समजून तो त्यास हुसकावण्यासाठीं धांवून येतो. शिटी वाजविणारा त्याच्या या स्वभावाचाच फायदा घेतो. म्हणजे शिटीवर सांपडणारा पक्षी हा भुकेलेला, दुबळा किंवा मूर्ख नसून बहुधा ऐन जोमांतला, घर राखणारा नर असतो. आणि तो जितका राखणीस पक्का, तितका लवकर फांसांत येतो.

याचा परिणाम काय होतो तें पाहूं. तितर सामान्यतः जोडीनें राहतात. साधारणपणें एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा विणीचा मुख्य हंगाम असतो. मादी जमिनीवरच गवताच्या आडोशास उथळ खळगा करून अंडीं घालते, आणि पिलें निघाल्यावर तीं संभाळण्यांत नराचाहि वांटा असतो. कोल्हा, मुंगूस, मांजर, भटकें कुत्रें हे सर्व शत्रु जमिनीवरील घरट्यास आधींच पुष्कळ आहेत. अशा वेळीं पहारेकरीच उचलून नेला तर मागें राहिलेल्या कुटुंबाची काय दशा होत असेल, हें ज्याच्या घरीं गुरेंढोरें व लेंकरेंबाळें आहेत अशा शेतकऱ्यास विस्तारानें सांगावयास नको. सात पाखरें धरलीं म्हणजे सात बांध निर्नायकी केले, असा त्याचा खरा हिशेब आहे.

कोणी म्हणतील, पांखरूं पिकाचा शत्रु, तें गेलेलें बरें. यांत पक्ष्यापक्ष्यांतील भेद विसरला जातो. ज्वारी-बाजरीच्या कणसांस खरा उपद्रव पोपट, चिमण्या, सुगरणी यांचा. ते थव्यानें, न बोलावतां येतात, आणि या शिटीनें त्यांतील एकहि कमी होत नाहीं. तितर जमिनीवर चरतो. पडलेले दाणे व क्वचित् कोंवळे अंकुर तो खातो हें खरें. पण त्याबरोबरच तणांचें बीं, वाळवी व भुंगे खातो. पुसा येथें मेसन व लेफ्रॉय यांनीं पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासून त्यावर इ. स. १९१२ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा धडा हाच कीं, प्रत्येक पक्ष्याचा जमाखर्च निरनिराळा मांडला पाहिजे. ज्याची वाळवीनें उसाची बेणीं पोखरलीं आहेत, त्यानें तरी हा जमाखर्च घाईनें मांडूं नये.

दुसरा आक्षेप असा येतो कीं, अमेरिकेसारख्या सुधारलेल्या देशांत शिट्या वाजवून राजरोस शिकार होते, मग आम्हींच काय पाप केलें? त्याचें उत्तर तेथील व्यवस्थेंतच आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं तिकडे टर्की बहुतेक नामशेष होत आला होता. पुढें हंगाम, परवाने व संख्या यांचे निर्बंध कडक झाले, इ. स. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्यपशुपक्ष्यांच्या जोपासनेकडे लावण्यांत आला. आणि उरलेल्या थव्यांतील पक्षी जिवंत धरून ओस पडलेल्या रानांत सोडण्यांत आले. वसंतांतील शिकारींत सामान्यतः नरच मारण्याची मुभा असते, आणि टर्कीचा नर अंडीं उबविण्यांत वा पिलें वाढविण्यांत कांहींच भाग घेत नाहीं. तितराचें तसें नाहीं. शिवाय तिकडील स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या बाबतींत, थोडे अपवाद सोडल्यास, मुद्रित आवाज यंत्रानें वाजवून शिकार करण्यास मनाई आहे. आमच्याकडे मात्र मोबाइलवरील आवाज भोंग्यांतून रात्रभर वाजवून लावे गोळा करणारे लोक निघाले आहेत. परक्यांची हौस उचलावी आणि त्यांचा संयम मागें ठेवावा, हें अनुकरण नव्हे.

आणि आमच्या देशापुरता प्रश्न इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें केव्हांच मिटविला आहे. त्यांत शिकारीची व्याख्या व्यापक असून फांस लावणें, आमिष दाखविणें, पकडणें, इतकेंच नव्हे तर तसा प्रयत्न करणें हेंहि तींत येतें. घरटीं व अंडीं यांची नासधूस करणेंहि त्यांतून सुटत नाहीं. इ. स. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यासहि तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शेत माझें, बांध माझा, ही सबब तेथें चालत नाहीं.

येथें फांसेपारध्यांविषयींहि दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. तोंडानें हुबेहूब आवाज काढून व पाळीव तितर पिंजऱ्यांत ठेवून पक्षी बोलाविण्याची कला ही त्यांच्या पिढीजात उपजीविकेची होती. इ. स. १८७१ च्या कायद्याच्या धोरणानें अशा कित्येक जमातींच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो इ. स. १९५२ मध्यें कागदावरून पुसला गेला, तरी लोकांच्या मनांतून पुरता गेला नाहीं. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांस कायद्यानें थांबावें लागलें. आतां विदर्भांत त्यांच्यांतील कांहीं वस्त्यांनीं गवताळ माळ व तणमोर राखण्याचें काम अंगावर घेतलें आहे. असें असतां ज्यांच्या घरीं धान्य आहे, दूधदुभतें आहे, अशा बागाइतदारांच्या मुलांनीं केवळ हौसेसाठीं तोच धंदा करावा, हें शोभत नाहीं.

मग या कसबाचें करावें काय? तें मारून टाकावें असें आमचें म्हणणें नाहीं; त्यास वळण लावावें एवढेंच आहे. टाकाऊ डबे, पत्रे, बाटल्या यांचीं खडखडणारीं बुजगावणीं करून कणसांत दाणा भरतांना तीं टांगावीं. पांखरें आवाजास सरावतात, सबब दर दोन-तीन दिवसांनीं त्यांची जागा पालटावी. माघ-फाल्गुनांत पहांटे बांधावर अर्धा तास स्वस्थ बसावें आणि कोणत्या बाजूनें किती सादा येतात त्या शेताच्या नकाशावर टिपून ठेवाव्या. फारच शांतता असेल तर शिटी दोन-तीनदां वाजवावी, अधिक नाहीं. विणीच्या हंगामांत तर तिला हातहि लावूं नये. असा टिपणांचा कागद पांच वर्षें जपला, तर आपल्या शिवारांत पक्षी वाढतात कीं घटतात हें दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं. त्याच वेळीं बांधाचें गवत सरसकट जाळण्याची वाईट चाल सोडावी, आणि परगांवचा कोणी जाळें अथवा भोंगा घेऊन शिवारांत आला तर त्यास पाटलाच्या पोराप्रमाणें पानसुपारी न देतां सरळ वाटेस लावावें.

आमच्या त्या तरुण मित्रास आम्हीं एवढेंच विचारलें, "तूं रात्रीं पिकाची राखण करीत असतां कोणी तुझ्या घरच्या माणसाचा आवाज काढून तुला अंधारांत बोलावलें, तर तें तुला आवडेल काय?" तो कांहीं बोलला नाहीं, परंतु शिटी मात्र त्यानें मुकाट्यानें खिशांत ठेविली. राखण म्हणजे काय, हें शेतकऱ्यास जितकें कळतें तितकें इतर कोणास क्वचितच कळत असेल. म्हणून बांधावरच्या या लहानशा राखणदारास त्यानें तरी दगा देऊं नये, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस विनंति आहे.