कार्टून फुकटात होत नसतं, मंडळी

गेल्या पंधरवड्यात आपल्या गावातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते दीड मिनिटाचं कार्टून फिरलं. नळापाशी पेंगत बसलेला म्हातारा, टँकरचा हॉर्न, आणि हंडे-कळश्या घेऊन पळत सुटलेली अख्खी गल्ली. माझ्याकडेच अकरा वेळा आलं. अकराही वेळा खालच्या कोपऱ्यातलं नाव कापलेलं होतं. दोन ठिकाणी तर नावाच्या जागी एका माजी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. एका दैनिकाच्या स्थानिक पेजनेही उचललं, खाली लिहिलं "सौजन्य: सोशल मीडिया". सोशल मीडिया नावाचा कुणी चित्रकार आपल्या तालुक्यात राहतो हे मला तरी माहीत नव्हतं.

ज्यानं ते केलं त्या पोराचं नाव मीही इथे लिहीत नाही. त्यानंच नको म्हणून सांगितलंय. का, विचारलं तर म्हणाला, "दादा, नाव कळलं की अजून चार जण फुकट करून मागतील."

राग आला म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आधी हिशोब करू. सिनेमासारखंच अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमला वापरायची जुनी सोय आहे, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दीड मिनिटाची झाली १,०८०. एका चित्राला नुसती पाच मिनिटं धरा, ९० तास होतात. हात, पाय, डोकं सुटं काढून कठपुतळीसारखं हलवलं की हे काम बरंच कमी होतं, हेही खरं. पण मागचा देखावा, आवाज, आवाजाप्रमाणे हलणारे ओठ, संगीत, एडिटिंग हे सगळं राहतंच. स्टुडिओत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. इथे एकच पोरगं, एक सेकंडहँड लॅपटॉप, आणि वळवाचा पाऊस आला की जाणारी लाइट.

आणि याला गावातली प्रतिष्ठित मंडळी काय म्हणतात? "तुला काय रे, बटन दाबलं की झालं. साहेबांच्या वाढदिवसाचं एक करून दे, तुझीच पब्लिसिटी होईल." अरे, त्याच वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्याला तुम्ही पैसे देता. मांडववाल्याला देता, डीजेवाल्याला तर आधी अ‍ॅडव्हान्स देता. फुकट फक्त चित्र काढणाऱ्यानं राबायचं?

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: यूट्यूब देतं की पैसे! नियम वाचलेत कुणी? जाहिरातीतला वाटा मिळायचा तर आधी १,००० सबस्क्रायबर पाहिजेत आणि वर्षभरात ४,००० तास व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. शॉर्ट्सच्या वाटेने जायचं तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. मोबाईल तोंडासमोर धरून रोज अर्धा तास बडबडणाऱ्याला हे जमून जातं. अ‍ॅनिमेशनवाल्याच्या हातून महिन्याला दोन मिनिटं निघतात. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. दोन मिनिटांचा व्हिडिओ लोकांनी शेवटपर्यंत १ लाख २० हजार वेळा बघितला तर तो दारापर्यंत पोचणार. आणि तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर डाउनलोड करून जे बघता, हसता, पुढे ढकलता, ते या हिशोबात शून्य. गाव हसलं, पोराच्या खात्यात एक मिनिटही जमा झालं नाही. नाव कापणं ही नुसती असभ्यता नाही, तो रोजीवर घाला आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

बरं, लहान मुलांसाठी केलं तर अजून पंचाईत. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल-यूट्यूबकडून १७ कोटी डॉलर वसूल करायचं ठरवलं. दंड योग्यच होता, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती विकायच्या म्हणजे काय! पण त्यानंतर जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी' असा शिक्का बसलेल्या व्हिडिओवर माणूस हेरून दाखवायच्या जाहिराती बंद, कॉमेंट बंद. उरलेल्या साध्या जाहिरातींचा दर कमी. मोठ्या कंपन्या शेकडो व्हिडिओंच्या गठ्ठ्यावर हे पेलतात. मराठीत ससा-कासव नव्यानं सांगणारा एकटा माणूस कशावर पेलणार? मग तोही शेवटी तीच ती रंगीबेरंगी बसगाडी आणि तेच ते बोबडगाणं करायला लागतो, आणि आपण म्हणतो, मराठीत मुलांसाठी चांगलं काही नाही बुवा.

आता सरकारकडे येऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंत ३,२६८ कोटींचा आराखडा, २ लाख रोजगारांचं स्वप्न. त्याआधी मे महिन्यात मुंबईत बीकेसीत 'वेव्हज' परिषद झाली, पंतप्रधान येऊन गेले. धोरण आलं हे चांगलंच झालं, उगाच नाक मुरडत नाही. पण यश कशात मोजलंय बघा: गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत आपली पोरं परदेशी सिनेमांचे इफेक्ट्स करतात, उत्तम करतात, श्रेयनामावलीत बारीक अक्षरात नावही येतं. पण काम संपलं की पात्र कुणाचं? गोष्ट कुणाची? खेळणी, दप्तरं, टी-शर्ट विकले तर पैसा कुणाचा? आपल्या पोरांनी मजुरी केली, शेत दुसऱ्याचंच राहिलं. शेतकऱ्याच्या गावात ही गोष्ट फोडून सांगायला नको. छोटा भीम बघा. हैदराबादच्या कंपनीनं २००८ मध्ये आणला आणि मालकी स्वतःकडे ठेवली, म्हणून आज आपल्या एसटी स्टँडवरच्या दुकानात त्याचा डबा-बाटली लटकलेली दिसते. आपल्या गावातलं, आपल्या बोलीत बोलणारं एकही पात्र त्या दुकानात नाही.

आणि हे त्या राज्यात, जिथे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती! माझ्या वयाच्या लोकांना दूरदर्शनवरची 'बालचित्रवाणी' आठवत असेल. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद केली. पगाराचे वांधे, केंद्राचा निधी आटला, कारणं बरीच सांगितली गेली. मोबाईलमधून कार्टून घराघरांत शिरत होतं, नेमक्या त्याच वर्षांत मराठी मुलांसाठी चित्रफिती करणारी सरकारी जागा आपण घालवली. यावर विधानसभा एक दिवस बंद पडलेली मला तरी आठवत नाही.

जमत नाही म्हणता? लॅटव्हिया नावाचा देश आहे, लोकसंख्या वीस लाखांच्याही आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. तिथल्या गिंट्स झिल्बालोडिस या पोरानं २०१९ मध्ये 'अवे' हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट एकट्यानं केला. पुढचा सिनेमा 'फ्लो' छोट्या टीमबरोबर, ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर. ब्लेंडर फुकट मिळतं, आपल्या पोराच्या लॅपटॉपवरही तेच आहे. 'फ्लो'ला २०२५ चं ऑस्कर मिळालं, बलाढ्य अमेरिकन स्टुडिओंना मागे टाकून. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. सॉफ्टवेअर फुकट होतं, माणसं फुकट नव्हती. त्यामागे लॅटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियमचा सार्वजनिक पैसा होता.

दुसरा रस्ता प्रेक्षकांचा. अमेरिकेत 'हॅझबिन हॉटेल'चा पहिला भाग २०१९ मध्ये यूट्यूबवर आला, तो चाहत्यांनी पेट्रिऑनवर दर महिन्याला दिलेल्या थोड्या-थोड्या पैशांतून झाला होता. २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनवर त्याची मालिका आली. सिडनीतल्या दोन भावांच्या ग्लिच या स्टुडिओनं ऑक्टोबर २०२३ मध्ये 'द अमेझिंग डिजिटल सर्कस' थेट यूट्यूबवर टाकली. बघायला फुकट, आणि बाहुल्या-टीशर्ट विकून पैसा. वर्षानं नेटफ्लिक्स दारात आलं, तरी मालिका यूट्यूबवरून काढली नाही. इंग्रजीला जगभरचा बाजार आहे, मान्य. पण मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर आहेत. त्यातल्या एका तालुक्यातल्या दोनशे घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर १० हजार होतात. केबलला, रिचार्जला, भिशीला आपण देतोच.

"आता एआय आलंय, चित्रकार कशाला?" असंही एक जण परवा चहाच्या टपरीवर म्हणाला. एआयचे व्हिडिओ मीही बघतो. माकड मराठीत बोलतं, दोन दिवस गंमत वाटते. पण आपल्या पाणीपुरवठ्याचा भोंगा कसा वाजतो, हंड्याला हंडा आपटला की वरच्या आळीत कोण काय बोलतं, हे त्या यंत्राला कुणी सांगितलंय? तुम्ही त्या कार्टूनला हसलात ते चित्र गुळगुळीत होतं म्हणून नाही. ती म्हातारी आपल्याच गल्लीतली होती, म्हणून हसलात.

मराठी चित्रपटाला सरकार अनुदान देतं, द्यायलाच पाहिजे. मग तेच तत्त्व पाच मिनिटांच्या, थेट ऑनलाइन दाखवायच्या मराठी अ‍ॅनिमेशनला लावा. ३,२६८ कोटींतून तालुक्याच्या ठिकाणी एकेकट्यानं काम करणाऱ्यापर्यंत किती पोचणार, हे जिल्हानिहाय जाहीर करा. अट एकच ठेवा: पात्राची आणि गोष्टीची मालकी करणाऱ्याकडेच राहील. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा बाजूला काढलेला असतो. त्यातून वर्षाला पाच फिल्म करून घ्या, रीतसर मोबदला देऊन. डेंग्यूच्या, मतदानाच्या, पाणी वाचवायच्या जाहिराती तरी बाहेरच्या एजन्सीकडून घेण्याऐवजी इथल्या पोरांकडून करून घ्या.

हे निवेदन मी लेखी तयार केलंय. पुढच्या सोमवारी अकरा वाजता जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे, एक प्रत पालकमंत्र्यांच्या कार्यालयाला. गावातले चित्रकलेचे शिक्षक, नाटकवाले, फोटोग्राफर, ज्यांना ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारपर्यंत कळवा. आणि ज्या ग्रुप अ‍ॅडमिननी नाव कापलेला व्हिडिओ चालवला, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत यूट्यूबची मूळ लिंक टाकावी. कुणाकडे नसेल तर माझ्याकडून घ्या.